टेबलावर कुत्रं, छताला टोपली : डच मैफलींची चित्रं कशी बघायची

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात यान स्टेन या डच चित्रकाराचं १६६३ सालचं एक चित्र आहे. १०५ बाय १४५ सेंटिमीटर, चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढं. लांबून बघितलं तर खात्यापित्या घरातली निवांत दुपार. जवळ गेलं की एकेक भानगड दिसायला लागते. डावीकडे घरची बाई बसल्या बसल्या झोपली आहे आणि तेवढ्यात कुत्रं टेबलावर चढून मांस भरलेल्या पेस्ट्रीवर ताव मारतंय. एक पोरगं मोठ्यांचा तंबाखूचा पाइप ओढून बघतंय, दुसऱ्याचा हात कपाटात आहे. मधोमध एक जोडपं. त्याने आपला पाय बिनदिक्कत तिच्या मांडीवर टाकलाय, तिच्या हातात वाइनचा पेला आहे, आणि ती त्याच्याकडे बघतच नाही, थेट आपल्याकडे बघते आहे.

उजवीकडे एक गृहस्थ पुस्तकातून काहीतरी सात्त्विक वाचून दाखवतोय आणि त्याच्या खांद्यावर चक्क बदक बसलंय. बदकाच्या ओरडण्याला डच भाषेत जो शब्द आहे, तो ‘क्वेकर’ या सोवळ्या पंथाच्या नावाशी जुळतो. म्हणजे हा उपदेश करतो आणि बदक त्याची टर उडवतं, असा त्याचा अर्थ लावतात. दारातून डुक्कर आत शिरलंय, पुढ्यात गुलाब पडलेत. ‘डुकरापुढे गुलाब टाकणं’ म्हणजे आपल्याकडचं ‘गाढवाला गुळाची चव काय’. वर एक माकड घड्याळाशी खेळतंय. खाली कोपऱ्यात एक पाटी पडली आहे, तिच्यावर एका डच म्हणीचा पहिला अर्धा भाग लिहिलाय: ‘सुखात असाल तेव्हा जपून.’ उरलेला अर्धा भाग पाटीवर नाही, पण तेव्हाच्या बघणाऱ्यांना तो तोंडपाठ होता: ‘आणि छडीला भिऊन असा.’ आता मान वर करून छताकडे बघा. तिथे एक टोपली टांगली आहे. तिच्यात भिकाऱ्याची कुबडी आहे, आणि छडीही. घरातल्या एकाचंही तिकडे लक्ष नाही.

हे चित्र कान उपटतंय की मजा लुटतंय? एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. स्टेनने हा धडा लिहिण्यात जेवढे कष्ट घेतलेत, तेवढेच त्या बाईच्या रेशमावर आणि पेल्यावरच्या चकाकीवर घेतलेत. सतराव्या शतकातल्या डच मैफलींच्या चित्रांचं सगळं गमक या दुहेरीपणात आहे. गिऱ्हाईक हे चित्र बैठकीच्या खोलीत लावायचं ते हसण्यासाठी, आणि शेजारच्या पाद्रीबाबांनी भुवई उंचावली तर पाटीकडे बोट दाखवता येईल म्हणूनही.

नाव नंतर आलं

कलेच्या इतिहासात या प्रकाराला ‘जॉन्र पेंटिंग’ म्हणतात. रोजच्या जगण्यातले प्रसंग, ज्यात कुणी देव नाही, राजा नाही, ओळखू येईल असा इसम नाही. पण हा शब्द फ्रेंच आणि या अर्थाने अठराव्या शतकातला. ज्यांनी ही चित्रं काढली आणि ज्यांनी विकत घेतली त्यांना तो ठाऊक नव्हता. मालमत्तेच्या जुन्या याद्यांमध्ये वेगळेच शब्द भेटतात. ‘गेझेल्सखाप’ म्हणजे जमलेली मंडळी. ‘बाउटेनपार्ताय’ म्हणजे बागेतली मेजवानी. ‘कॉर्तेगार्दे’ म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांची खोली, जिथे पत्ते, तंबाखू आणि कंटाळा. ‘बोर्डेलत्ये’ म्हणजे छोटासा कुंटणखाना. जॉन एव्हलिन हा इंग्रज प्रवासी १६४१ साली रॉटरडॅमच्या जत्रेत गेला तेव्हा तिथे चित्रांचा नुसता ढीग होता. त्यातल्या गावंढळ, हसवणाऱ्या चित्रांना तो ‘ड्रोलरी’ म्हणतो. एकूण काय, गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘कला’ मागत नसे. एखादा पहाऱ्याचा प्रसंग दाखवा, एखादी बागेतली पार्टी दाखवा, असं मागत असे.

या मैफलींच्या चित्रांचं मूळ बायबलात आहे. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा बापाची इस्टेट बायका आणि दारूत उडवतो, डुकरं राखायची वेळ येते आणि मग घरी परततो. सोळाव्या शतकातल्या अँटवर्पच्या चित्रकारांना ही कथा म्हणजे पर्वणीच होती. धर्माचं नाव, पण चित्रात मौज. यान सांडर्स फान हेमेसेनच्या १५३६ च्या चित्रात (ते आता ब्रुसेल्सला आहे) पुढे सगळी गुत्त्यातली गर्दी आणि डुकरांचा प्रसंग मागे, लांबवर, बारकासा. पुढच्या शंभर वर्षांत हा मागचा प्रसंग आक्रसत गेला आणि शेवटी गळून पडला. पार्टी तेवढी राहिली.

१५८५ साली अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती गेलं. विणकर, व्यापारी, चित्रकार उत्तरेकडे सरकले आणि त्यातले पुष्कळ हार्लेमला आले. हार्लेम हे बिअरचं आणि तागाच्या कापडाचं गाव. उत्तरेत कॅल्व्हिनपंथी चर्च, तिथे चित्रांना मज्जाव, त्यामुळे वेदीवरच्या चित्रांचं गिऱ्हाईक संपलेलं. उरली घरं. भिंती होत्या, पैसा होता, १६०९ ते १६२१ स्पेनशी युद्धबंदी होती. आणि ऑर्डर नसताना आधी चित्र काढून मग बाजारात विकायचं, तर प्रत्येकाने आपली एक खासियत धरणं भाग होतं. कुणी गलबतं, कुणी फुलं, कुणी मैफली.

डेव्हिड फिंकबोन्स आणि एसायस फान डे फेल्डे यांनी बागेतल्या पार्ट्या काढल्या. विलेम बाउटेवेखने ही मंडळी घरात आणली. १६२० च्या सुमारास त्याच्या चित्रांत टेबलाभोवती मोठाल्या टोप्या, गुडघ्यावर फिती आणि बुटांवर रेशमी फुलं मिरवणारे तरुण बसलेले दिसतात. अंगावर नवी फॅशन, डोक्यात वारं. लोक त्याला ‘मिश्कील विलेम’ म्हणत. १६२४ साली तो तिशी ओलांडताच वारला, त्याची चित्रं उरली जेमतेम दहाच्या आसपास. पण प्रकार रुजला. डिर्क हाल्सने (१५९१–१६५६) पुढे आयुष्यभर तोच धंदा केला.

डिर्कचा थोरला भाऊ फ्रान्स हाल्स. त्याचं १६१६–१७ च्या सुमाराचं एक दाटीवाटीचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. प्रसंग आहे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाला लागण्यापूर्वीचा. श्रावण लागण्याआधीची गटारी ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. गोव्यातलं इंत्रुज तर त्याच ख्रिस्ती पंचांगातलं, फक्त पोर्तुगिजांच्या वाटेने आलेलं. हाल्सच्या चित्रात खारवलेले मासे आणि अंडी यांची माळ घातलेला सोंगाड्या एका नटलेल्या ‘बाई’ला चिकटलाय, आणि ती बाई बहुधा बाईच्या वेशातला पोरगा आहे, कारण तेव्हा नाटकात बायकांची कामं पोरंच करत.

उट्रेख्ट या डच शहरातले चित्रकार रोमला जाऊन काराव्हाज्जिओ या इटालियन चित्रकाराची काळोखी चित्रं बघून आले आणि त्यांनी मैफलीत अंधार आणला. गेरिट फान हॉन्टहॉर्स्टची युक्ती साधी आहे: मेणबत्ती टेबलावर ठेवायची, पण तिच्यापुढे एक पाठमोरा माणूस बसवायचा. ज्योत दिसत नाही, उजेड मात्र समोरच्यांच्या हनुवटीवर खालून पडतो. इटलीत त्याला ‘रात्रीचा गेरार्दो’ म्हणायचे.

मैफल जुळवतात कशी

बघणाऱ्याला वाटतं चित्रकार कोपऱ्यात बसून पार्टी टिपत होता. तसं नव्हतं. मैफल स्टुडिओत तुकड्यातुकड्याने जुळायची, बहुतेकदा एकही पाहुणा समोर नसताना. डिर्क हाल्स कागदावर तेलरंगात एकेकट्या माणसांचे अभ्यास करून ठेवायचा: खुर्चीत रेललेला एक, पेला उंचावणारा एक, पाठमोरा एक. मग तेच गडी एका चित्रातून दुसऱ्यात कामाला लावायचा. १६२८ सालचं एक मेजवानीचं चित्र व्हिएन्नाच्या कला अकादमीत आहे. त्यातला खांब-कमानींचा दिवाणखाना डिर्क फान डेलेनने काढला, माणसं हाल्सने. गेरार्ड टेर बॉर्ख या चित्रकाराची सावत्र बहीण गेसिना त्याच्यासाठी बसायची.

चित्र ज्यावर काढायचं ती पाटी म्हणजे बहुतेकदा ओकची फळी, बाल्टिककडून आलेली. खोडाच्या गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरलेली फळी कमी वाकते, म्हणून तीच घ्यायची. जाडी सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी, मागच्या कडा तासून पातळ केलेल्या, म्हणजे चौकटीत नीट बसते. लाकडाचे रेषे बुजवायला सरस आणि खडूचा लेप, तो घासून गुळगुळीत. त्यावर सफेत्यात, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगात, थोडा तपकिरी मिसळून तेलातला पातळ थर. हा उबदार मधला रंग पुढे पुष्कळ ठिकाणी तसाच उघडा राहतो. सावलीतल्या भिंती नीट बघा, तिथे बऱ्याचदा रंग लावलेलाच नसतो, खालचं अस्तर दिसत असतं. ज्याला दर महिन्याला चार चित्रं विकायची त्याच्या दृष्टीने ही मोठी बचत.

मग काळ्या खडूने रेखाटन, मग तपकिरी-करड्यात सगळं चित्र ढोबळ उभं करायचं. त्याला डच चित्रकार ‘मेलेला रंग’ म्हणत. तो वाळला की खरं काम, आणि ते मागून पुढे: आधी भिंत, खिडकी, पडदा, नंतर माणसं, शेवटी कॉलरची लेस आणि काचेवरचे ठिपके. भिंत रंगवताना माणसांची जागा मोकळी सोडायची. घाई करून चालत नाही. सफेता लवकर वाळतो, हाडांचा काळा आणि लाखेसारखे तांबडे रंग फार सावकाश. खालचा थर ओला असताना वर लवकर वाळणारा चढवला की वरचा ओढला जातो आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. काळे कोट घातलेल्या माणसांच्या चित्रांत हा दोष हमखास सापडतो.

जमिनीच्या फरशा ही आणखी एक करामत. काळ्या-पांढऱ्या चौकटी दूर जाताना एका बिंदूकडे निमुळत्या झाल्या पाहिजेत. पीटर दे होख आणि व्हर्मीर हे चित्रकार त्या बिंदूवर टाचणी ठोकायचे, तिला खडू लावलेला दोरा बांधायचे आणि ताणून टिचकी मारायचे. सुतार सूत मारतो तसंच. टाचणीचं भोक काही चित्रांत अजून दिसतं. गंमत म्हणजे अशा संगमरवरी फरशा डच घरांत फारशा नव्हत्याच, बहुतेकांच्या खोल्यांत लाकडी पट्ट्या होत्या. फरशी चित्रात आली ती चित्रकाराची ऐपत दाखवायला, घरमालकाची नव्हे.

सात माणसं टेबलाभोवती बसवणं हे सगळ्यांत अवघड. ओळीने बसवली तर शाळेचा ग्रुप फोटो होतो. गोल बसवली तर तिघांच्या पाठीच दिसतात. मग टेबल किंचित तिरकं, आपल्या बाजूची एक जागा रिकामी, म्हणजे नजर आत जाते. पुढे एक पाठमोरा किंवा तिरका, खुर्चीच्या पाठीवर हात टाकलेला. तो खोली खोल करतो. एक उभा, एक वाकलेला, म्हणजे डोकी एका रेषेत येत नाहीत. आणि एकाने तरी आपल्याकडे बघायचं. तेवढी एक नजर नसली की आपण खिडकीतून डोकावणारे परके राहतो.

रेशीम कसं काढतात हे समजलं की टेर बॉर्खसमोरून हलवत नाही. लोकरीवर उजेड पसरतो, कडा विरघळतात. साटिनवर तो तुटतो. म्हणून साटिनसाठी मधला करडा रंग घालायचा, घडीच्या खोबणीत गडद, आणि घडीच्या माथ्यावर जाड सफेत्याचा फटकारा, कड धारदार ठेवून, न मिसळता. एक फटकारा जरा जास्त घोटला की रेशमाची फ्लॅनेल होते.

हात, पेला, जमीन, भिंत

चित्रासमोर उभं राहिल्यावर सुरुवात चेहऱ्यांपासून करू नका. चेहरे सगळे हसतच असतात. हात बघा. कुणाचा हात कुणाच्या कमरेवर आहे, कुणाचा पैशाच्या पिशवीजवळ, आणि त्या पिशवीच्या मालकाचं लक्ष कुठे आहे. चित्रात डोक्याला फडकं गुंडाळलेली म्हातारी असेल आणि तरुण जोडप्याच्या मागे उभी असेल, तर ती बहुधा आजी नव्हे, कुंटीण आहे. डिर्क फान बाबुरेनच्या १६२२ च्या चित्रात ती आपल्या तळहाताकडे बोट दाखवते: आधी पैसे. हे चित्र व्हर्मीरच्या सासूबाईंच्या संग्रहात होतं आणि व्हर्मीरने ते आपल्या दोन चित्रांच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं दाखवलंय. त्यातलं एक, ज्यात तिघं जण अगदी सभ्यपणे गाणं-वाजवणं करताहेत, बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १८ मार्च १९९० ला चोरीला गेलं आणि अजून सापडलेलं नाही.

मग पेला. ‘रोमर’ हा हिरवट काचेचा, जाड दांड्याचा वाइनचा पेला. दांड्यावर काचेच्या पुटकुळ्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत. जेवताना काटे नसायचे, बोटं तुपकट व्हायची, पुटकुळ्यांमुळे पेला निसटत नाही. सभ्य माणूस मात्र पेला खालच्या तबकडीला चिमटीत धरतो, पंजात नाही. त्यामुळे एकाच टेबलावर कोण कुठल्या घरचा हे पेला धरण्यावरून कळतं. उंच, सरळसोट, अंगावर कड्या असलेला पेला दिसला तर तो बिअरचा ‘पासग्लास’. खेळ असा की एका दमात नेमकं पुढच्या कडीपर्यंत प्यायचं. हुकलात तर पुढच्या कडीपर्यंत पुन्हा. हा पेला टेबलावर आहे म्हणजे संध्याकाळ कशी संपणार ते ठरलेलं आहे.

टेबलावर गालिचा अंथरलेला असेल. तुर्की किंवा इराणी गालिचा इतका महाग की जमिनीवर घालायची कुणाची छाती नव्हती. निळी-पांढरी चिनी भांडी असतील तर ती १६०२ साली निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेली. त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना तिथून शिधा मिळे. हार्लेमच्या टेबलावरची चैन कुणाच्या जिवावर चालली होती, हे चित्रात कुणी सांगत नाही.

जमीन बघायला लोक विसरतात. स्टेन तर तिथे अर्धी गोष्ट लिहून ठेवतो: पत्ते, फुटलेले पाइप, अंड्याची टरफलं, कालवांच्या शिंपल्या. कालवं तेव्हाही कामोत्तेजक समजली जायची. बायकांच्या पायाशी भोकं पाडलेली लाकडी पेटी दिसेल, आत निखाऱ्याचं भांडं. ती पाय शेकायची शेगडी. रोमर फिशर या डच कवीने १६१४ च्या आपल्या बोधचित्रांच्या पुस्तकात तिला ‘बायकांची लाडकी’ म्हटलंय: झग्याखालची तिची जागा घ्यायची तर पुरुषाला बरंच गोड बोलावं लागेल.

शेवटी भिंत. तिथे चित्र, नकाशा किंवा रंगीत काचेची खिडकी असते आणि मैफलीतले लोक जे बोलत नाहीत ते बहुधा ती बोलते. बर्लिनच्या गेमेल्डगालेरीत व्हर्मीरचं १६५८–६० च्या सुमाराचं चित्र आहे. माणसं दोनच. आवाज नाही. बाई पेल्यातला शेवटचा घोट घेते आहे, इतका शेवटचा की काचेने तिचा चेहरा झाकलाय. शेजारी टोपी घातलेला पुरुष उभा, त्याच्या हातात पेला नाही. त्याचा हात सुरईवर आहे, ती संपवायची वाट बघत. आणि उघड्या खिडकीच्या रंगीत काचेत एक स्त्री आहे, तिच्या हातात लगाम. ती संयमाची मूर्ती. बाई तिच्याकडे बघू शकली असती. मधे काच आहे.

प्रत्येक लिंबाचा अर्थ काढू नका

१९७६ साली ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एडी दे योंग या अभ्यासकाच्या पुढाकाराने एक प्रदर्शन झालं. ‘शिकवण आणि करमणूक’ असं त्याचं नाव होतं. ही चित्रं म्हणजे वेशांतर केलेल्या म्हणी आहेत, याकोब काट्ससारख्या कवींच्या बोधचित्रांच्या पुस्तकांत त्यांच्या किल्ल्या सापडतात, असं त्याने दाखवून दिलं. त्यानंतर सगळ्यांना अर्थ काढायचा नादच लागला. १९८३ साली स्वेतलाना आल्पर्सने उलट बाजू मांडली: डच माणसाला बघण्याचाच सोस होता, तो डोळ्यांनी जग मोजत होता, प्रत्येक वस्तूमागे प्रवचन शोधणं ही आपली खोड.

आमच्या मते दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण धोका पहिल्या बाजूला जास्त. व्यवहारात एक कसोटी उपयोगी पडते. एकच खूण दिसली तर ती वस्तूच समजा: लिंबू म्हणजे लिंबू, कालव म्हणजे जेवण. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या तर ऐका. कालवं, मागे पलंग, पायातून निघालेली चप्पल आणि पैसे देणारा हात एकत्र आले तर मग भोळेपणा नको.

चित्रात लिहिलेला मजकूर असेल तर प्रश्नच मिटतो. हेगच्या माउरित्सहाउसमधलं स्टेनचं १६६८–७० च्या सुमाराचं मोठं चित्र घ्या. म्हातारी कागदावरचं गाणं वाचते आहे: मोठे गातील तशी पोरं ‘पाइपतील’. खाण तशी माती. पण डच शब्दाला दोन पदर आहेत, बासरी-बॅगपाइप वाजवणं आणि तंबाखूचा पाइप ओढणं. म्हणून मागे एक पोरगा बॅगपाइप फुंकतोय आणि पुढे एक दांडगा माणूस खदाखदा हसत लहान मुलाला पाइप ओढायला शिकवतोय. तो दांडगा माणूस म्हणजे खुद्द स्टेन. उपदेशाच्या चित्रात सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणून त्याने स्वतःला बसवलंय.

बघणाऱ्यांच्या चुका

ही चाल लोकांना पचली नाही. अर्नोल्ड हाउब्राकेनने १७१८ ते १७२१ मध्ये डच चित्रकारांची चरित्रं छापली आणि त्यात स्टेन पक्का दारुडा झाला. बाप बिअर गाळणारा, स्टेनने स्वतः डेल्फ्टला मद्यकारखाना चालवून बघितला, १६७२ साली लेडनला गुत्त्याचा परवाना घेतला, हे खरं. पण त्याची साडेतीनशेच्या आसपास चित्रं आज शिल्लक आहेत आणि तो गेला ५३ व्या वर्षाच्या आसपास. सकाळपासून झोकांड्या खाणाऱ्या माणसाच्या हातून लेसची जाळी उतरत नाही. डच भाषेत मात्र पसरलेल्या घराला अजून ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात.

दुसरी चूक शीर्षकांची. चित्रकाराने नावं दिलेली नाहीत, ती नंतर चिकटली. टेर बॉर्खच्या १६५४ च्या सुमाराच्या एका चित्रात रुपेरी साटिनमधली पाठमोरी तरुणी उभी आहे, समोर बसलेला सैनिक हात उचलून काहीतरी सांगतोय, शेजारी एक बाई वाइनचा घोट घेत नजर पेल्यात लपवते आहे. मागे पलंग. अठराव्या शतकात त्याचं मुद्राचित्र निघालं आणि त्यावर नाव पडलं ‘बापाचा उपदेश’. १८०९ साली गोएथे या जर्मन लेखकाने ते खरं मानून आपल्या कादंबरीत त्या ‘बापा’च्या भारदस्तपणाचं कौतुक केलं. आता वयाकडे बघा: हा बाप पोरीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा असेल. त्याच्या बोटांत नाणं होतं की नव्हतं यावर पुढे बरीच शाई सांडली. राइक्सम्युझियममध्ये त्या चित्राचं आजचं नाव ‘शिष्टाचाराचं संभाषण’ अशा अर्थाचं आहे, म्हणजे निर्णय तुमच्यावर सोडलाय.

तिसरी गोष्ट माणसाची नव्हे, रंगाची चूक. निळ्यासाठी वापरलेली कोबाल्टची काचपूड तेलात करडी पडते. झाडं हिरवी करायला निळ्यावर चढवलेला वनस्पतींचा पिवळा उडून जातो आणि पानं निळी राहतात. हिवाळ्याची कल्पना नव्हे ती, फक्त उन्हाचा परिणाम. सफेता आणि तेल यांच्यात शतकभर सावकाश प्रक्रिया चालते आणि थर पारदर्शक होत जातो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत दे होखचं १६५८ च्या सुमाराचं चित्र आहे, दोन पुरुषांबरोबर वाइन घेणारी बाई आणि एक मोलकरीण. मोलकरणीची जागा त्याने आधी राखलीच नव्हती. ती वाळलेल्या फरशीवर नंतर काढली. आज तिच्या झग्यातून फरशीच्या चौकटी स्पष्ट दिसतात.

आणि काही चुका मुद्दाम केलेल्या. युडिथ लेस्टर हार्लेमच्या चित्रकार संघाची १६३३ पासून सदस्य, स्वतःचे शिष्य असलेली बाई. आडनावाचा अर्थ ध्रुवतारा, म्हणून सहीत अक्षरांना जोडून एक तारा काढायची. ती गेली आणि तिची चित्रं हळूहळू फ्रान्स हाल्सची झाली, कारण हाल्सला भाव जास्त. १८९३ साली हॉफस्टेडे डे ग्रूट या अभ्यासकाने आज लूव्रमध्ये असलेल्या तिच्या १६३० च्या चित्रावर तो तारा ओळखला, आणि दोनशे वर्षांनी ती परत आली.

तिचं आणखी एक चित्र फिलाडेल्फियाला आहे. रात्र, उपासाआधीचा सण, दोन तरुण. एकाने भांडं दोन्ही हातांनी तोंडाला लावून पार निथळवलंय. अनेक वर्षं लोकांना एवढंच दिसत होतं. दोघांच्या मधे कुणीतरी टेबल आणि दिवा रंगवून ठेवला होता, कारण दारू पिणारी दोन पोरं दिवाणखान्यात खपतात, तिसरा पाहुणा खपत नाही. १९९३ साली वरचा रंग काढला तेव्हा तो बाहेर आला: हाडांचा सापळा, एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात कवटी आणि जळती मेणबत्ती. तो त्या पिणाऱ्या पोराच्या अगदी कानाशी वाकलाय. पोराचं अजून भांड्यातच लक्ष आहे.